बदकातला पेंढा

तक्ता एकाच पानाचा होता. मधोमध उभी रेघ, डाव्या रकान्याच्या डोक्यावर ‘काजळ्या बदक’, उजव्या रकान्याच्या डोक्यावर ‘जवाचा पट्टेरी तांबेरा’. साहेबांनी तो टेबलावरून तिच्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बाई, दोन्ही बाजू तुम्हीच भरा. पक्षी विभागात आता आहे कोण?" खरंच कोणी नव्हतं. पक्षी विभाग म्हणजे तिचा नवरा, आणि तो जाऊन दीड वर्ष झालं होतं. संग्रहालयाच्या जुन्या इमारतीत ओल चढली होती. नव्या इमारतीत कोरडी, थंड ठेवता येईल अशी एकच खोली मिळणार होती, तिच्यात एक तर पेंढा भरलेले पक्षी जातील नाहीतर रोगट पानांची कपाटं. पक्षी उरले तर शाळांना वाटायचे, पानं उरली तर भट्टीत टाकायची. रोगट पानं शाळेला कोण देणार? तर कोणी राहायचं आणि कोणी जायचं हे ठरवायला प्रत्येक विभागानं आपला एक मानाचा नमुना पुढे करायचा आणि दोघांची तुलना करायची, अशी ही अक्कल होती. खाली ओळी आखलेल्या: आकार, रंग, उपयोग, धोका, शेवटची नोंद, लोकांना वाटणारी ओढ. बदकाचा आकार हातभर आणि तांबेऱ्याचा आकार सुईच्या टोकाएवढा. कशात काय अन् फाटक्यात पाय, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण साहेब वयानं तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होते आणि असल्या म्हणी ऐकल्या की ते समजूतदारपणे हसत. ते हसू तिला नको होतं. तिनं तक्ता उचलला आणि आपल्या खोलीत आली.

तिची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली. पक्ष्यांची पहिल्या मजल्यावर, उजेडात. एकतीस वर्षं ते असंच होतं. संस्थेत तिला बुरशीबाई म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ फिरायच्या आत. तिला त्याचं काही वाटेनासं झालं होतं, कारण ते नाव ठेवलं होतं नवऱ्यानंच. पाहुणे आले की तो हात पसरून सांगायचा, "आमच्या घरात कामाची वाटणी सरळ आहे. उडतं ते माझं, सडतं ते हिचं." पाहुणे हसत. तीही हसायची, चहाचे कप गोळा करताना. शंभरदा ऐकलेल्या विनोदाला शंभराव्यांदा हसणं हे संसारातलं खरं कष्टाचं काम, बाकीची धुणीभांडी काहीच नाहीत. एकदा तिनं पाहुण्यांसमोरच म्हटलं होतं की बाबा रे, तांबेरा सडवत नाही, तो जिवंत काडीवरच जगतो, काडी मेली की तोही झोपतो. यावर नवरा म्हणाला, "बघा, आमची ही बुरशीची बाजू सुद्धा किती जोरात मांडते." पुन्हा सगळे हसले. माणूस वाईट नव्हता, असं सगळे म्हणत. वाईट नव्हताच. तो उजेडात उभा राहायचा, एवढंच, आणि उजेडात उभ्या राहिलेल्या माणसाच्या मागे कोणाला तरी उभं राहावं लागतं.

उजवा रकाना तिनं अर्ध्या तासात भरला. हात आपोआप चालत होता. एके काळी या भागात लांब काडीचा जव पेरत, पुरुषभर उंच, पेरांशी जांभळट. त्या काडीवर हा तांबेरा यायचा: काळ्या रेघा, पण सलग नाहीत, मध्ये मध्ये केसाएवढी जागा सोडून, मोजून मारल्यासारख्या. पुढे आखूड काडीचा नवा जव आला, जुना कोणी पेरेना, आणि दुसऱ्या कशावर जगता न आल्यामुळे तांबेराही संपला. ही गोष्ट तिच्या जन्माआधी सहा वर्षांची. संस्थेत त्याचं एकच पाकीट होतं. ते किड्यांनी खाल्लेलं, आत चिमूटभर काळी भुकटी आणि एक जुनं चित्र. त्या भुकटीवर आणि चित्रावर तिनं प्रबंध लिहिला, आणि मग पंचवीस वर्षं ती जुनी छपरं, गोठ्यांचे माळे, गाद्या, फळं बांधायच्या पेट्या उसवत हिंडली. कुठे तरी एक काडी राहिली असेल. नवरा म्हणायचा, "अगं, लोक हरवलेलं सोनं शोधतात, तू हरवलेला रोग शोधतेस." ‘उपयोग’ या ओळीपुढे तिनं लिहिलं: नाही. ‘लोकांना वाटणारी ओढ’ या ओळीपुढेही तेच लिहिलं.

डाव्या रकान्यासाठी लांबी-रुंदी हवी होती, म्हणून ती वर गेली. काजळ्याचं काचेचं कपाट नवऱ्यानं हयातीत कोणाला उघडू दिलं नव्हतं. किल्ली त्याच्या खिशात असायची, आणि तो गेल्यावर ती घरच्या खणात, चष्म्याच्या घराखाली सापडली होती. दार उघडताच डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला. बदक तपकिरी, डोळ्यापासून मानेपर्यंत काळी रेघ, म्हणून काजळ्या. पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, नवऱ्याच्या वळणदार अक्षरात: मोठं तळं, तारीख, सही. नामशेष झालं म्हणून जगानं चाळीस वर्षांपूर्वीच हात धुतलेला पक्षी त्याला तळ्याकाठी मरणपंथाला लागलेला सापडला, त्याच्या हातात त्यानं मान टाकली, आणि कुजू नये म्हणून तिथेच, विश्रामगृहाच्या व्हरांड्यात, त्यानं मिळेल तो पेंढा भरून तो टिकवला. ही कथा तिला त्याच्या इतकीच पाठ होती. तिनं मोजपट्टी लावायला बदक उचललं तर ते अंदाजापेक्षा हलकं होतं, आणि पोटाची शिवण दोन बोटं उसवली होती. टाके कुजले होते. तिथून पेंढ्याची एक काडी बाहेर आली होती. सवयीनं, केवळ सवयीनं, रस्त्यानं जाताना लोकांच्या कुंपणाची पानं उलटी करून बघणाऱ्या बाईनं ती काडी चिमटीत धरून खिडकीपाशी नेली.

पेराशी जांभळट. आणि काळ्या रेघा, मध्ये केसाएवढी जागा सोडून.

पहिल्यांदा आनंदच झाला, हे लपवण्यात काय अर्थ आहे. ती नवऱ्याच्या जुन्या स्टुलावर बसली. पंचवीस वर्षं जिच्यासाठी गोठे पालथे घातले ती काडी जिन्याच्या वीस पायऱ्या वर, किल्लीच्या आत बसली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिनं भिंग काढलं. तांबेऱ्याच्या फोडांवरचं साल अजून धरून होतं, काडी चुरडलेली नव्हती, कातडीच्या आतल्या बाजूला भुकटीचे काळे डागही उमटले होते. म्हणजे कापल्यावर महिना-दोन महिन्यांत, ताजा पेंढा भरला होता. आणि मग, भिंग डोळ्याला तसंच असताना, तिचं मन दुसरा हिशेब करू लागलं. हा जव शेवटचा कापला तेव्हा ती जन्मली नव्हती. नवरा तिच्यापेक्षा चारच वर्षांनी मोठा, तोही जन्मला नव्हता. ज्या कोणी हे बदक भरलं तो नवऱ्याच्या जन्माआधी भरून मोकळा झाला होता. कुठल्या तरी जुन्या घराच्या अडगळीतून, कोणा शिकाऱ्याच्या वारसाकडून नवऱ्यानं ते उचललं असणार, जुनी चिठ्ठी तोडून आपली बांधली असणार. तिला आठवलं की ते पहिल्यांदा घरी आलं तेव्हा त्याचे पाय फार कोरडे होते. तिनं तसं म्हटलंही होतं. "ऊन कडक होतं," असं नवरा म्हणाला होता. तिनं मान डोलावली होती. पक्षी हा काही तिचा विषय नव्हता.

खोटं बोलला, हे एक वेळ पचलं असतं. माणसं नावासाठी काय काय करतात, आणि एकतीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याच्या थापा बायकोला नव्या नसतात. पण ते आठ दिवस. आठ दिवस तो मोठ्या तळ्यावर होता. तिला सातवा महिना होता. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातच तिला कळ आली, भिंतीला धरून धरून ती शेजारणीच्या दारापर्यंत गेली, आणि दुपारी दवाखान्यात मुलगा झाला. तो एक दिवस आणि थोडासा जगला. विश्रामगृहाला तीनदा फोन लावला, तीनदा तिथल्या रखवालदारानं सांगितलं, साहेब तळ्यावर गेलेत, निरोप देतो. त्याच्या आवाजात काही तरी अडखळल्यासारखं होतं, ते आज ऐकू आलं. तेव्हा वाटलं होतं लाइन खराब आहे. मुलाच्या घोट्याला दोरीनं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली होती: आईचं नाव, मुलगा, वजन. ती चिठ्ठी तिनं स्वतःच्या हातानं सोडली, गाठ घट्ट होती, नर्सनं कात्री दिली ती तिनं घेतली नाही. मग ती चिठ्ठी कुठे तरी गेली. नमुन्याची चिठ्ठी हरवली की नमुना कचरा, हे ती पुढे तीस वर्षं नव्या माणसांना शिकवत आली, आणि स्वतःजवळची तेवढी एक चिठ्ठी तिला सांभाळता आली नाही. पाच दिवसांनी नवरा आला. जेवायच्या टेबलावर त्यानं बदक ठेवलं, त्याच्या पायाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, आणि ती त्या गाठीकडेच बघत राहिली. रात्री तो तिचा हात कुरवाळत म्हणाला, "मूल काय, पुन्हा होईल आपल्याला. हे पुन्हा होणार नव्हतं गं." आणि मूल पुन्हा झालं, दोन वर्षांनी मुलगी झाली, म्हणजे तो खरंच बोलला होता. तिनं त्याला माफ केलं होतं ते त्या बदकाकडे बघून. शंभर वर्षांत एकदा घडणारी गोष्ट. तिच्यापुढे आपलं दुःख मधे आणू नये, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. तुलना तिनं तेव्हाच केली होती. एका रकान्यात बदक, एका रकान्यात तो एक दिवस, आणि बदक जिंकलं होतं. आता हातात ही काडी. मग त्या आठ दिवसांत तो होता कुठे? कोणाकडे? काडी बाकी सगळं सांगत होती, एवढंच सांगत नव्हती, आणि ज्याला विचारायचं त्याची राख होऊन दीड वर्ष झालं होतं.

ती तशीच साहेबांकडे गेली. काडी पाकिटात, पाकीट हातात. "साहेब, हे बदक मोठ्या तळ्यावरचं नाही," तिनं सांगितलं, आणि जव, तांबेरा, वर्षं, सगळं ओळीनं मांडलं. तिचा आवाज शांत होता, तिचं तिलाच नवल वाटलं. साहेबांनी काडी बघितली नाही, तिच्याकडे बघितलं.

"जुन्या गादीतला पेंढा असेल, बाई. विश्रामगृहातल्या गाद्या काय कमी जुन्या असतात?"

"गादीत काडीचा भुगा होतो. ही ताजी कापून भरलेली आहे. सालसुद्धा सुटलेलं नाही."

"असेल, असेल. तुमचा विषय आहे." ते उठले आणि दार लोटून आले. "हे बघा, तक्ता फाइलला लागतो म्हणून तुम्हाला दिला. निर्णय मागच्याच महिन्यात झाला. दालनाला सरांचं नाव द्यायचंय, पाटी रंगून आलीये, तुमची मुलगी स्वतः येणार आहे. आता तुम्हीच, घरच्याच माणसानं हे असं काढायचं म्हणजे..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं. मग एकदम मऊ आवाजात म्हणाले, "आणि समजा खरं धरलं, तरी लोक बदकच बघायला येणार. तांबेरा बघायला कोण येतं?"

ते खरंच होतं. ती वळली तेव्हा साहेब म्हणाले, "उसवलंय म्हणता ना, तेवढं शिवून द्या. तुमच्याइतका बारीक हात आता कोणाचा नाही इथे." बक्षीस दिल्यासारखं म्हणाले ते.

संध्याकाळी घरी येऊन तिनं मुलीला फोन लावला. मुलगी दुसऱ्या शहरात, कामावरून नुकतीच आलेली, मागे नळाचा आवाज. बाबांच्या दालनाच्या उद्घाटनाला करायचं भाषण तिनं लिहायला घेतलं होतं, त्यातला एक परिच्छेद तिनं वाचूनही दाखवला: पहाट, धुकं, ओंजळीत थरथरणारा शेवटचा जीव. मुलीचा आवाज बापासारखा भरदार, शेवटाला जरा ओला झाला. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या बदकाविषयी मला तुला एक सांगायचंय."

"काय?"

"ते नीट तपासायला हवं. आतला पेंढा जो आहे..."

"आई." मुलीनं नळ बंद केला. "तुझं कपाट भट्टीत चाललंय म्हणून तुला वाईट वाटतंय, मला कळतंय. पण बाबा गेल्यावर तरी ही तुलना थांबव ना. ते असतानाही तू अशीच होतीस. त्यांचं काही चांगलं झालं की तुझा चेहरा पडायचा. मी लहानपणापासून बघत आलेय."

चेहरा पडायचा हे खरं होतं. कशानं पडायचा हे मुलीला कधी कळलं नव्हतं. आपल्याआधी एक दादा होता आणि तो लगेच गेला, एवढं ती जाणून होती. कधी, हे तिनं विचारलं नव्हतं आणि कोणी सांगितलं नव्हतं. आता सांगता आलं असतं. एका वाक्यात सांगता आलं असतं: तुझा दादा मेला त्या दिवशी तुझे बाबा तळ्यावर नव्हते. तिनं ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. पुढचा प्रश्न आला असता, मग कुठे होते, आणि त्यावर आई काय बोलणार होती? पोरीचा बाप काढून घ्यायचा आणि त्या जागी द्यायला हातात काय, तर एक काडी. शिवाय मुलगी म्हणाली असती, पुरावा? आणि तिनं म्हटलं असतं, बुरशी. तिला एकदम, कडू का होईना, हसू आलं. "बरं," ती म्हणाली. "भाषण छान झालंय. धुकं जरा कमी कर." मुलगी हसली. तिला वाटलं, आई वठणीवर आली.

दुसऱ्या दिवशी ती खोलीचं दार लावून बसली. बदक टेबलावर उताणं ठेवलं, कुजलेले टाके एकेक करून काढले. घाई केली नाही. पेंढा मुठीमुठीनं बाहेर आला, साठ-बासष्ट वर्षांपूर्वीच्या कोणा शेतातला, आणि जवळजवळ प्रत्येक काडीवर तांबेरा होता. एवढा तांबेरा तिनं उभ्या जन्मात एका जागी पाहिला नव्हता, तिच्या आधीच्या कोणी पाहिला असेल तर तो माणूस आता नव्हता. पेंढा काढलेलं बदक म्हणजे एक मळकी पिशवी उरली, चोच असलेली. तिनं नीट निवडून काड्या कागदात गुंडाळल्या. मग आपल्या कपाटापाशी गेली. सोमवारी भट्टीची गाडी येणार होती. चार हजार पाकिटांतून तिनं एकोणीस काढली, ज्यांच्यावरून त्या त्या रोगाला पहिल्यांदा नाव मिळालं ती मूळची पाकिटं. बाकीच्यांवरून एकदा हात फिरवला. तेवढ्यांना कुठे जागा नव्हती. एकोणीस पाकिटं तिनं पातळ कापडात गुंडाळली, त्यांच्याभोवती तांबेऱ्याच्या काड्या रचल्या, आणि आकार येईल अशा बेतानं सगळं बदकात भरलं. छाती जरा जास्त फुगली. पहिल्यापेक्षा रुबाबदार दिसू लागलं. शिवण घालण्याआधी तिनं नियमाप्रमाणे एक चिठ्ठी लिहिली, कारण चिठ्ठी नसलेला नमुना कचरा. तांबेऱ्याचं नाव, काडीचं नाव, भरल्याचं अंदाजे वर्ष. बाहेरची चिठ्ठी खोटी आहे. ठिकाण: माहीत नाही. आणणारा: तिच्या नवऱ्याचं नाव. एवढ्या वर्षांत त्यानं तिच्यासाठी आणलेला हा पहिला नमुना होता. खाली सही, आजची तारीख. मग तिनं आणखी एक ओळ लिहिली: आईचं नाव, मुलगा, आणि वजन, जे तिला ग्रॅमपर्यंत पाठ होतं. चिठ्ठी दुमडून तिनं आत सरकवली. टाके इतके बारीक घातले की साहेबांना शिवण सापडली नाही. तक्त्यातल्या डाव्या रकान्यात ‘शेवटची नोंद’ पुढे तिनं मोठं तळं लिहिलं आणि तो फाइलला दिला.

सोमवारी गाडी आली. चार हजारांतली एकोणीस कमी आहेत हे कोणी मोजलं नाही.

दालन उघडलं त्या दिवशी माणसं बरीच होती. मुलीचं भाषण झालं, धुकं तिनं कमी केलं नव्हतं, आणि दोघी-तिघींनी डोळे पुसले. बदकाच्या काचेपुढे रांग लागली. साहेब कोणाला तरी सांगत होते, "बघा, अजून किती तजेला आहे." नंतर मुलगी आली, आईच्या खांद्यावर हात टाकून काचेसमोर उभी राहिली. तिच्या हाताला बापाच्या हातासारखीच ऊब होती.

"आई, बाबांनी हे घरी आणलं तेव्हा तू होतीस ना? दारात आल्या आल्या काय म्हणाले ते?"

"म्हणाले, सापडलं."

"एवढंच?" मुलगी हसली. "आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, गेलं."

पण फोटोवाल्यानं हाक मारली होती, आणि मुलगी तोवर तिकडे वळली होती.